तुळजापूरच्या वाटेवर अंग काय सांगतं

हुबळीच्या दाजीबानपेठेत तुळजाभवानीचं देऊळ आहे. इथल्या मराठी घरांत पेठेतल्या देवीचं दर्शन नेहमीचं असतं, आणि खुद्द तुळजापूरला जाऊन यायचं हा बेत मनात कायम शिजत असतो. हल्ली तरणी माणसं तो बेत मोटरसायकलवर पार पाडतात. नवलगुंद, नरगुंद, कोल्हार, विजापूर, सोलापूर असं करत तुळजापूर हुबळीपासून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास पडतं.

आज हा रस्ता मनातल्या मनात करू. अगदी सावकाश. नवी सीट, उंच हँडल, पुढं वारा अडवणारी काच, मागं टेका, बाजूला बॅगा, अशी यादी तुमच्या डोक्यात तयार असेल. तिला हात लावू नका, राहू द्या तशीच. आधी अंगाचं ऐकू आणि मग यादीकडं वळू.

गाडी मेन स्टँडवर घ्या. मेन स्टँड नसेल तर कुणाला तरी धरायला सांगा. इंजिन बंदच राहू द्या. बसा. दोन्ही पाय फुटरेस्टवर, दोन्ही हात हँडलवर. डोळे मिटा. तुमचं वजन आता तीनच जागी टेकलेलं आहे: बैठक, तळपाय, तळहात. त्यात जास्त भार कुणावर आहे? मनगट दुमडलंय का? खांदे कानाकडं चढलेत का? गुडघा इतका वाकलाय का, की मांडीचा पुढचा स्नायू ताणलाय? उत्तर लगेच सापडायला हवं असं नाही. श्वास चालू द्या आणि बसून राहा. शोरूममध्ये पाच मिनिटं बसून आपण गाडी घेतो. पाच मिनिटांत अंग काही बोलतच नाही. पेठेतल्या गर्दीतून पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबत सरकतानाही ते बोलत नाही. तिथं कुठलीही सीट मऊच लागते.

आता निघू. हुबळी मागं पडते आणि दोन्ही बाजूंना काळी जमीन उघडते. ही माती पावसात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावरच्या रस्त्यालाही लाटा येतात. वरून डांबर गुळगुळीत दिसतं, पण गाडी हळूच वर-खाली होत राहते. जमखान्यांचं नवलगुंद येईपर्यंत हा झोका बरा वाटतो. त्यापुढं तासाभरानं बैठकीची दोन हाडं स्वतःची ओळख करून देतात.

त्या दोन हाडांवर थोडा वेळ लक्ष ठेवा. कुल्ल्यांच्या मांसातून खाली टेकणारी ही हाडं बसलेल्या माणसाचं बहुतेक वजन पेलतात. त्यांच्याखाली दाब वाढला की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या दबतात. आधी चुरचुर होते, मग आग, मग बधिरपणा. मऊ फोम इथंच दगा देतो. बसल्या बसल्या तो छान दबतो, पण दबून दबून तळाला लागला की हाडाखाली उरते ती प्लास्टिकची कडक बैठक. थोडा टणक फोम सुरुवातीला परका वाटतो, पण भार मांडीपर्यंत पसरवून दिवसभर तसाच धरून ठेवतो. सीट मऊ करून द्या असं सांगत कारागिराकडं जाणाऱ्याला म्हणूनच थोडं थांबवावंसं वाटतं. तुम्हाला हवी आहे ती पसरट आणि सपाट सीट.

सपाट यासाठी की पुष्कळ गाड्यांच्या सीटला टाकीच्या दिशेनं उतार असतो. प्रत्येक ब्रेकला आपण इंचभर पुढं घसरतो, मग पायानं रेटून मागं येतो, पुन्हा घसरतो. जांघेत भार येतो, नाजूक जागा बधिर होते. पुरुष हे एकमेकांनाही सांगत नाहीत. वर कितीही जेल घाला, उतार तसाच राहिला तर जेलवर बसून घसरणं चालूच राहतं.

चांगल्या सीटवाल्याचे हात बघत बसावं. तो सीट उलटी करतो. कडेनं ठोकलेल्या पिना पेचकसानं एकेक उचकटतो, रेक्झिन सोलतो, आणि आतला फोम उघडा पडतो. घामानं आणि पावसानं ठिकठिकाणी पिवळा-तपकिरी झालेला. ती उघडी सीट तो तशीच गाडीवर ठेवतो आणि तुम्हाला बसायला लावतो. हाडं जिथं टेकली तिथं खडूनं खूण करतो. मग हॅकसॉचं नुसतं पातं हातात धरून पुढच्या उताराचा हिशेब घेतो: मागून थोडा फोम काढायचा, पुढं पाचरीसारखा तुकडा भरायचा. खडूच्या खुणांखाली रिबॉन्डचा थर जातो, म्हणजे फोमचे तुकडे दाबून केलेली दाट लादी. वरून बोटाच्या जाडीचा मऊ थर. दोन्ही अंगांना सोल्युशन फासून तो लगेच चिकटवत नाही. बोट लावल्यावर चिकटेनासं होईपर्यंत थांबतो आणि मग एकदाच दाबतो. काम संपत आलं असं वाटतं तोच तुम्हाला पुन्हा बसवतो आणि नखाएवढा फोम आणखी घासतो. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी लावताना तारेखालचा दोरा केसभर सरकवून पुन्हा ऐकतात, तसंच हे काम आहे. इथं ऐकायचं मात्र तुम्ही. तो विचारेल, ‘कुठं लागतंय?’ तेव्हा ‘बरं आहे’ म्हणून सुटू नका. डावीकडं जास्त, मांडीच्या आतल्या बाजूला, असं नेमकं सांगा. ते नेमकं सांगता यावं एवढ्यासाठीच आपण आज हा रस्ता इतक्या हळू करतोय.

येझदी आणि जावाच्या काळातही लांब जाणारी माणसं सीटवर घोंगडं दुमडून बांधायची. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ ते १९९६ या काळात तयार झालेल्या त्या गाड्यांवर कर्नाटक-महाराष्ट्रातल्या एका पिढीनं संसार वाहिले. घोंगड्याची खरबरीत लोकर अंगाखाली हवा खेळती ठेवते, घाम शोषते आणि उन्हात तापलेल्या काळ्या रेक्झिनपासून वाचवते. आज बाजारात मिळणारी जाळीची आणि हवेच्या कप्प्यांची आसनं तेच काम करतात. हवेचं आसन घेतलंत तर ते फुगवून टम्म करू नका. बसल्यावर हाडांखाली जेमतेम हवा राहील इतकीच ठेवा. जास्त हवा भरली की चेंडूवर बसल्यासारखं होतं आणि वळणावर गाडीचा अंदाज जातो.

नरगुंद गेलं की मलप्रभा लागते. इथं थांबा. खरंच थांबा, मनातल्या प्रवासातही उतरा, हेल्मेट काढा, थोडं चाला. रक्त परत आपल्या जागी जातं. कुठल्याही फोमला हे जमत नाही. चालत्या गाडीवरही मोकळ्या सरळ रस्त्यावर अर्धं मिनिट फुटरेस्टवर उभं राहता येतं. ते फुकट आहे.

आता हात बघा. बोटं पसरा. मुंग्या कुठल्या बोटांत आहेत? करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटात असतील तर तळहाताच्या बाहेरच्या कडेवर भार पडतोय आणि तिथून जाणारी नस दबतेय. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर असेल तर मनगट मागं दुमडलं गेलंय आणि त्याच्या बोगद्यातून जाणारी नस तक्रार करतेय. एवढं ओळखता आलं तरी निम्मं काम झालं. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर किती कोनात आहेत ते आता नीट पाहा. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक सरळ रेघ आली पाहिजे. बऱ्याच गाड्यांवर लिव्हर वर उचललेले असतात, आणि दर वेळी क्लच दाबताना मनगट मोडतं. एक पाना, दोन बोल्ट, थोडं खाली फिरवणं. याला पैसे पडत नाहीत, आणि कित्येकांना यापुढं काही लागतही नाही.

त्यानंतरही खांदे पुढं ओढले जात असतील तर हँडल उंच करायचे राइझर बघा. ते बसवल्यावर तिथंच, दुकानाच्या दारात, हँडल डावीकडं शेवटपर्यंत वळवा. ब्रेकचा पाइप ताणला जातोय का? उजवीकडं शेवटपर्यंत वळवा. क्लचची वायर ओढली जातेय का? इंजिन चालू ठेवून पुन्हा दोन्हीकडं वळवा आणि आवाज ऐका. हँडल वळल्यावर इंजिन आपोआप रेस होत असेल तर ॲक्सिलरेटरची वायर आखूड पडतेय. अशी गाडी रस्त्यावर न्यायची नाही. पंचवीस-तीस मिलिमीटरनं हँडल वर आलं म्हणजे सगळ्या वायरींचा मार्ग बदलला. नुसत्या डोळ्यांनी हे कळत नाही.

हाताला येणारी बारीक थरथर निराळी. सिंगल सिलिंडरचं मोठं इंजिन ठरावीक वेगाला हँडलच्या नळीला आपल्या लयीत झणझणवतं. हँडलच्या टोकांना जड वजनं लावली की नळीची लय खाली उतरते आणि झणझण आपल्या नेहमीच्या वेगापासून दूर जाते. काही वेळा तर वेगच पाच किलोमीटरनं बदलला की भागतं. मुठी मात्र सैल हव्यात. आत्ता, वाचताना, तुमची पकड कशी आहे? मोबाइल किंवा मासिक धरलेली बोटं थोडी ढिली करा. हँडल धरायला तेवढंच बळ पुरतं.

घटप्रभा ओलांडली, बिळगी मागं पडली, आणि कोल्हारला कृष्णेवरचा लांब पूल आला. अलमट्टीच्या धरणानं इथलं पाणी दूरवर पसरवलंय. पुलावर आलात की आडवा वारा अंगावर येतो. मडक्यातल्या दह्यासाठी कोल्हारला थांबायचं आहेच, पण त्याआधी या वाऱ्याकडं लक्ष द्या.

वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गानं वाढतो. ८० वरून १०० वर गेलात की वेग सव्वापटच झाला, पण छातीवरचा रेटा दीडपटीहून जास्त झाला. मानेला तो आधी कळतो. हे दुखणं पुष्कळदा लोकांनीच आधी सोडवलं, कारखान्यांनी नंतर. अमेरिकेत क्रेग व्हेटर नावाच्या माणसानं १९७१ पासून विंडजॅमर नावाचं वाराविरोधी कवच विकायला घेतलं. होंडानं १९७५ मध्ये हजार सीसीची गोल्ड विंग आणली ती पुढं काच नसलेली, बॅगा नसलेली. लोकांनी ती घेतली आणि दूर जाण्यासाठी तिला बाहेरून कवच आणि बॅगा चढवल्या. १९८० साली होंडानं स्वतःच कवच आणि बॅगांसकट इंटरस्टेट नावाची गोल्ड विंग बाजारात उतरवली. आपल्याकडं बजाजनं २०२१ मध्ये डोमिनार ४०० ला उंच काच, हातांना आडोसा, मागं टेका आणि कॅरियर कारखान्यातूनच लावून दिलं, जे हौशी माणसं आधी वर्षानुवर्षं बाहेरून बसवत होती. सीटवाल्याच्या खडूच्या खुणा आणि गॅरेजवाल्यानं वाकवलेले पत्रे अशा रीतीनं कारखान्यापर्यंत पोचतात. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

काच लावली की सगळं शांत होईल असं मात्र नाही. काचेच्या वरच्या कडेवरून फेकला गेलेला वारा गुंडाळत वर येतो, आणि तो नेमका हेल्मेटवर आदळला तर डोकं थडथडतं, डोळ्यांपुढचा रस्ता हलतो. तपासायची रीत सोपी आहे. सरळ, रिकाम्या रस्त्यावर फुटरेस्टवर थोडं उभं राहा. डोकं वर गेल्यावर थडथड थांबली आणि वारा एकसंध लागला तर काच तुमच्या उंचीला चुकतेय. ती अजून उंच करण्यापेक्षा कधी कधी आखूड केलेलीच बरी, म्हणजे डोक्याला स्वच्छ वारा मिळतो. काचेखाली बोटभर फट ठेवल्यानंही पुष्कळदा फरक पडतो. आणि कान? शंभरच्या वेगाला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज नव्वद डेसिबलच्या वर जातो. तासन्‌तास तो ऐकलेल्या माणसाला संध्याकाळी शीण येतो, आणि तो पाठीला लागला असं त्याला वाटतं. फोमचे साधे बोळे कानात घातले की भोंगा ऐकू येतो, वारा मात्र मागं सरतो.

इथं एका गोष्टीवर जरा जास्त वेळ थांबू. काच नसताना छातीवर येणारा वारा तुम्हाला थोडं मागं रेटत होता, आणि त्या रेट्यानं मनगटांवरचा भार हलका होत होता. काच लावली, वारा थांबला, आणि मनगटं दुखायला लागली. हँडल उंच केलं, पाठ सरळ झाली, आणि मनगटांवरचा भार बैठकीवर उतरला; मग कालपर्यंत बरी असलेली सीट टोचू लागली. अंगातला भार नाहीसा होत नसतो, तो जागा बदलतो. सगळ्या वस्तू एकाच दिवशी बसवून घेतल्या तर कशानं काय झालं हे कधीच कळणार नाही. एक बदल करा, त्यावर लांबचा एक पल्ला मारा, मग दुसऱ्याचा विचार करा.

विजापूर आलं. गोलघुमटाची सावली पाहत चहा घ्या आणि मागं वळून बघा. तुमच्या मागं कुणीतरी बसलंय.

आतापर्यंत हात, मान, बैठक सगळं तुमचंच होतं. मागच्या माणसाच्या हातात हँडल नाही, पुढचा खड्डा त्याला दिसत नाही, ब्रेक कधी लागणार हे ठाऊक नाही. प्रत्येक धक्का त्याला अचानक बसतो. बहुतेक नव्या गाड्यांची मागची सीट अरुंद आणि उंच असते. तुमची आई मागं असेल तर ती बहुधा एका बाजूला पाय घेऊन बसेल. तिचं सगळं वजन एका मांडीवर आणि कंबर पिळलेली. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १२३ वा नियम मागच्या माणसासाठी धरायला कडी, पायाला फुटरेस्ट आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारा आडोसा मागतो. हौसेनं बॅगांचे स्टँड लावताना आपण हीच साडीगार्ड काढून टाकतो. मागं साडीतलं माणूस बसणार असेल तर ती काढायची नाही. आणि बॅगेच्या स्टँडनं तिच्या पायाची जागा खाल्ली असेल तर बॅग दुसरी घ्यावी लागेल.

टेका बसवणार असाल तर तो कंबरेच्या वरच्या खळग्यात येतो का ते पाहा. त्याहून खाली आला तर दर उसळीला माकडहाडावर ठोके देतो. त्याआधी एक फुकटचं काम आहे. मागच्या शॉकअपचा प्रीलोड दोघांसाठी वाढवा. टूलकिटमधल्या आकडीच्या पान्यानं खाचा बदलायला काही मिनिटं लागतात. तो न वाढवता दोघं बसलात की गाडी मागून खाली बसते, समोरचा दिवा आभाळाकडं बघतो, सीटचा कल बदलतो आणि आधीच सपाट करून घेतलेली तुमची बैठकही बिघडते. टायरची हवा दोघांसाठी किती हवी ते गाडीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. ती भरून घ्या.

मग आईला विचारा. ‘त्रास होत नाही ना?’ असं विचारलं तर ‘नाही’ असंच उत्तर येईल. आपल्या घरांत ते ठरलेलंच आहे. ‘कुठं जास्त दुखतंय, डावीकडं की उजवीकडं?’ असं विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत गाडी सुरू करू नका.

विजापूरच्या पुढं भीमा ओलांडली की महाराष्ट्र लागतो. वडकबाळला सीना, मग सोलापूर, आणि शेवटी तुळजापूरचा घाट. गाडी लावली, हेल्मेट लटकवलं. देवळाकडं खाली पायऱ्या उतरून जायचंय. उतरताना कुणाचा गुडघा अडखळतो, कुणाचा हात कमरेवर जातो, आई कठड्याला धरतेय का, हे बघा. घरून निघताना केलेली यादी इथं बाहेर काढा. जे दुखलं नाही त्याची वस्तू खोडा. जे दुखलं त्याच्यापुढं लिहा: कुठं, कुठल्या गावापासून, बसून की उतरल्यावर.

हुबळीला परतल्यावर सीटवाल्याकडं जाल तेव्हा तो कागद बरोबर न्या, आणि जमलं तर आईलाही. उघड्या फोमवर तिला बसवा. रेक्झिन लगेच ठोकू नका म्हणावं. आत प्लास्टिकचा कागद घालून वरून जुनंच कव्हर तात्पुरतं ओढा आणि तिला घेऊन धारवाडपर्यंत जाऊन या. पिना त्यानंतर.